चिन्नीच्या खोलीतली जमीन

“चमक नको, अण्णा,” रम्या तिसऱ्यांदा सांगत होती. “चिन्नीच्या मागच्या पायांत जोर नाही, गुळगुळीत जमिनीवर ते पसरतात. आणि ही तिन्ही कुत्री दिवसभर जमीन चाटतात, म्हणून चिकटवायचं काही नको, वासाचं पॉलिश नको. साधी रेड ऑक्साइडची करा. स्वल्प खरखरीत ठेवा.”

“सरी, तसंच करतो,” फत्तेसिंग म्हणाला.

बसवनगुडीतल्या घराची मागची खोली रम्याने लोकांनी टाकून दिलेल्या तीन म्हाताऱ्या कुत्र्यांना दिली होती. सिमेंट, लाल पूड, पाणी. फत्तेसिंगचा जन्म त्यातच गेलेला. पण जाता जाता रम्या बोलून गेली, “कृष्णाजी अण्णांनीच तुमचं नाव दिलं. त्यांना वेळ नव्हता. काम झालं की बघायला येणार आहेत.”

झालं! फत्तेसिंगच्या पोटात दुखायला लागलं.

कृष्णाजी त्याचा धाकटा चुलतभाऊ. दोघांच्या हातात थापी दिली ती फत्तेसिंगच्या बापाने, एकाच दिवशी. तेव्हापासून मरेपर्यंत बाप एकच ऐकवत आला, “कृष्णाचा हात बघ.” आता आर्किटेक्ट कृष्णाजीच्या मागे फिरत, आणि उरलंसुरलं काम तो मोठ्या मनाने भावाकडे पाठवी. त्या मोठ्या मनाचाच फत्तेसिंगला जास्त राग यायचा. त्याने शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

आठवडाभर पाणी मारून जमीन तयार झाली. लाकडी थापीचे बारीक ओरखडे तसेच ठेवलेली, अगदी रम्याला हवी तशी. फत्तेसिंगला ती बघवेना. कृष्णा हे बघणार आणि म्हणणार, अण्णाचा हात थकला! शनिवारी रम्या कामावर गेली आणि त्याने पिशवीतून गुळगुळीत दगड काढला. दिवसभर घासलं. मग खोबरेल तेल आणि जुन्या धोतराचा बोळा. खोबरेलच तर आहे, कुत्र्यांनी चाटलं तरी काय होतंय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. संध्याकाळी जमीन डाळिंबासारखी लाल झाली. इतकी सुरेख जमीन त्याने आयुष्यात केली नव्हती. “उद्याच उघडा,” असं कामावरून परतलेल्या रम्याला सांगून त्याने दार ओढून घेतलं.

रविवारी कृष्णाजी आला. चपला काढून उंबऱ्यातच बसला आणि जमिनीवर तळवा फिरवला.

“अण्णा, काकांनी हे बघायला हवं होतं. माझ्याच्यानं असं कधी झालं नाही.”

हे ऐकायला चाळीस वर्षं गेली होती. तेवढ्यात रम्याच्या मागून चिन्नी आत शिरली. दोन पावलं टाकली, आणि मागचे पाय दोन बाजूंना गेले. ती केकाटली, उठायला गेली, परत पसरली. रम्याने धावत जाऊन तिला उचललं. मग फत्तेसिंगकडे बघितलं.

“माझी चूक, अक्का,” कृष्णाजी घाईने म्हणाला. “मीच यांना नीट सांगितलं नव्हतं.”

“खोटं नको बोलूस!” फत्तेसिंग ओरडला. मग आवाज उतरवून म्हणाला, “यांनी तीनदा सांगितलं होतं. तू येणार म्हणून मी घासली.”

फत्तेसिंगने पिशवीतून जाड दाण्याचा कुरुंदाचा दगड काढला.

“एक दगड मला दे, अण्णा. दोघं मिळून उरकू.”

“नको. तू कुत्रीला धर.”

कृष्णाजी चिन्नीला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसला. फत्तेसिंगने पाणी शिंपडलं आणि आतल्या भिंतीपासून आपली चमक उतरवायला सुरुवात केली. दुपार कलली तरी कृष्णाजी बघत होता, आणि एकही जागा सुटू नये म्हणून फत्तेसिंग गुडघ्यांवर वीतवीतभर मागे सरकत होता.