चावी सापडत नाही

गाडी छान चालू होती, आणि चावी सापडत नाही असं ती गाडीच सांगत होती.

भिंगरीच्या आईने समोरच्या काचेखालचा तो पिवळा मजकूर दोनदा वाचला. 'चावी सापडत नाही.' शेजारी चावीचं एवढंसं चित्र आणि त्याच्यावर फुली. एक टिंग वाजलं, आणि मग इंजिन आपलं पुन्हा तृप्तपणे गुरगुरत राहिलं. चावी सापडत नाही तर मग ही चालतेय कशावर, असा प्रश्न कुणालाही पडला असता. तिलाही पडला. पण मागच्या सीटवर भिंगरी तिच्या खुर्चीत बांधलेली होती, तिला पाळणाघरात सोडून चष्म्याच्या दुकानात काचा घासायला बसायचं होतं, आणि मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. तिने गाडी पुढे काढली.

ही गाडी म्हणजे तिच्या नवऱ्याचा जीव की प्राण. सेकंडहँड घेतलेली, उंच, चारही चाकांनी ओढणारी, आणि आत चढायचं तर आधी पदर, ओढणी, पिशवी, मूल असं एकेक आवरून मगच पाय उचलायचा. नवऱ्याने गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. तेवढ्यावर न थांबता तो अशाच गाड्यांच्या मालकांच्या एका ग्रुपवर लोकांच्या शंका निवारत असे. कुणाच्या गाडीत खडखड आवाज येतोय, कुणाचा एसी गरम हवा मारतोय, कुणाला चिखलात कधी कुठला गिअर टाकायचा ते उमगत नाही. हा जेवण थंड करून सगळ्यांना उत्तरं देणार. तीही एका ओळीत नाहीत, चांगली ऐसपैस. ग्रुपवर त्याला सगळे 'गुरुजी' म्हणत. त्याने हौसेने बायकोलाही त्या ग्रुपमध्ये घेतलं होतं. तिने हौसेने ग्रुपचा आवाज बंद करून टाकला होता.

सकाळी गुरुजींनीच गाडी फाटकाबाहेर काढून चालू करून ठेवली होती. रडणाऱ्या भिंगरीला खुर्चीत बसवलं, पट्टे आवळले, तिच्या डोक्याचा मुका घेतला आणि कामावरच्या सोबत्याची गाडी गाठायला धावता धावता ओरडून गेले, "मध्ये कुठे बंद करू नकोस गं!" तिला वाटलं, उशीर झालाय म्हणून म्हणतोय.

आता तिच्या डोक्यात उजेड पडला. अर्थात, पडला असं वाटलं. हा बाबा चावी स्वतःच्या खिशात घेऊन गेला!

चौकातल्या सिग्नलला तिने त्याला फोन लावला. नवरा लिफ्ट तपासणीस. एकदा लिफ्टच्या खड्ड्यात उतरला की फोन गेलाच. 'संपर्क क्षेत्राबाहेर,' असं फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली.

"याचं क्षेत्रच तसलं," ती पुटपुटली.

मागून भिंगरीने खुदकन हसून दाद दिली. आत्ता फाटकात भोकाड पसरलेली पोर एवढी खूश कशावर? आईने आरशात पाहिलं. भिंगरीच्या तोंडात काहीतरी काळं होतं.

सिग्नल सुटला तशी तिने गाडी कडेला, एका बंद फर्निचरच्या दुकानापुढे घेतली. बंद करायला हात गेला आणि तसाच आखडला. 'मध्ये कुठे बंद करू नकोस.' इंजिन चालू ठेवूनच ती उतरली आणि मागचं दार उघडलं.

भिंगरी चावी चघळत होती.

म्हणजे चावी गाडीतच होती! तिला आधी हसूच आलं. हसत हसत तिने ती लाळेने बरबटलेली चावी सोडवून घेतली, उलटी केली, आणि हसू जागच्या जागी विरलं. चावीच्या पाठचं झाकण उघडलेलं होतं. आत गोल खाच. आणि खाचेत सेल नव्हता.

तो चपटा, चकचकीत, गोल सेल. लशीच्या दवाखान्यात भिंतीवर त्याचं चित्र लावलेलं तिने कितीदा पाहिलं होतं. बाळाने गिळला तर घशात अडकून आतून जाळतो, उशीर करू नका, असं खाली लाल अक्षरात. दर वेळी ते वाचून ती स्वतःशी म्हणायची, आपल्या घरात कुठे आलेत असले सेल.

"भिंगरे, आ कर. आ, आ."

भिंगरीने ओठ घट्ट मिटले. आईने बोट घातलं तर ती चावली. दोन खालचे, दोन वरचे, एवढेच दात, पण मुलगी त्यांचा पुरेपूर उपयोग करी. तोंडात काही नव्हतं. खुर्चीच्या फटीत नव्हतं, पट्ट्याखाली नव्हतं, मोज्यात नव्हतं. पायपुसण्याखाली बिस्किटाचा चुरा होता, एक हरवलेला डूल होता. सेल नव्हता.

भिंगरी ना खोकत होती, ना रडत होती. उलट आईची ही झडती म्हणजे एक नवाच खेळ असं समजून टाळ्या पिटत होती. गिळला असता तर अशी हसली असती का? की गिळल्यावर आधी हसतात आणि मग...? नवऱ्याला पुन्हा फोन. क्षेत्राबाहेर. शेवटी तिने त्या मुक्या ग्रुपवर लिहून टाकलं: 'गुरुजींची बायको. चावीतला सेल नाही. बाळाने गिळला असेल का? गाडी चावी सापडत नाही म्हणते.'

उत्तरं धबाधबा आली.

'वहिनी, इंजिन अजिबात बंद करू नका.'

'आधी इंजिन बंद करा, ताई, मग शांतपणे शोधा.'

'पेट्रोल की डिझेल?'

'केळं भरवा. सगळं बाहेर येतं. आमच्या धाकट्याने नट गिळला होता.'

'नट वेगळा, सेल वेगळा. काहीही सांगू नका.'

'कुठलं मॉडेल? माझ्यात तर चावी न सापडताच दार उघडतं.'

'गुरुजींना विचारा ना.'

तिने फोन शेजारच्या सीटवर भिरकावला. एवढ्या शहाण्यांत एकानेही सेल पोटात आहे की नाही ते सांगितलं नव्हतं. ते सांगणारं एकच ठिकाण तिला ठाऊक होतं. ती पुन्हा स्टिअरिंगमागे बसली आणि ती धिप्पाड गाडी तिने आजवर कधी पळवली नव्हती तशी पळवली. आरशात पाहावं तर रस्त्यावरचं लक्ष जायचं, रस्त्यावर पाहावं तर मागचं हसू थांबलं की काय असं वाटायचं. "गा गं भिंगरे, काहीतरी बोल," ती म्हणत राहिली. आणि एरवी तोंड न मिटणारी पोर नेमकी खिडकीबाहेर बघत गप्प बसली. आईने स्वतःच बेसूर गाणं सुरू केलं. मागून एक जोराचा 'ऊंऽऽ' आला. चिडून का होईना, आला.

रुग्णालयाच्या दारात तिने गाडी उभी केली तोच वॉचमन धावत आला.

"बाई, ही ॲम्ब्युलन्सची जागा. गाडी बंद करा, मागे लावा."

"बंद करता येत नाही."

"म्हणजे?"

"बंद केली तर परत चालू होणार नाही. चावी सापडत नाही."

वॉचमनने तिच्या हाताकडे पाहिलं. "ही काय, हातात आहे की."

"ही गाडीला दिसत नाही."

वॉचमनने गाडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग एक पाऊल मागे सरून खालच्या आवाजात विचारलं, "बाई, गाडी तुमचीच आहे ना?"

"तुम्हीच ठेवून घ्या!" असं म्हणून तिने भिंगरीला उचललं आणि आत धाव घेतली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण आवाज थेट आजीचा. त्यांनी आधी चावी हातात घेऊन खाच पाहिली, मग भिंगरीच्या छातीला नळी लावली, घसा पाहिला. भिंगरीने नळीच ओढून तोंडात घातली.

"खाताना पाहिलंत?"

"नाही."

"सेल चावीत होता, हे पाहिलं होतंत?"

ती गडबडली. "चावीत असणारच ना. नाहीतर गाडी चालू कशी झाली असती?"

"ते मला विचारू नका, मी सायकलवाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लगेच आणलंत, हे ब्येस केलंत. काही भरवू नका. आधी फोटो काढू."

एक्स-रेच्या गार खोलीत भिंगरीने एकदाचं व्हायचं तेवढं रडून घेतलं. तिचे हात धरून ठेवताना आईही रडत होती. कुणाचा सूर कुठला ते कळत नव्हतं. मग बाहेर बाकावर थांबायचं. भिंगरीला कडेवर घेऊन ती त्या बंद दाराकडे पाहत राहिली. दिवसभर ती लोकांच्या काचा घासून त्यांना स्पष्ट दिसण्याची सोय करायची. या लेकराच्या आत मात्र तिला बोटभरही दिसत नव्हतं. काल रात्री याच पोटावर तोंड ठेवून तिने फुर्र केलं होतं.

दार उघडलं. फोटो काढणाऱ्याचा चेहरा तिला आवडला नाही.

पडद्यावर तिच्या मुलीच्या बारीक बारीक फासळ्या होत्या, आणि त्यांच्या वर, गळ्यापाशी, एक पांढराशुभ्र गोल.

तिने टेबल धरलं.

डॉक्टरीणबाईंनी पडद्याजवळ नाक नेलं. मग मागे वळून भिंगरीच्या गळ्याकडे पाहिलं. मग फोटो काढणाऱ्याकडे पाहिलं, असं, की तो बिचारा दोन इंच खचला.

"झबल्याचं टिचबटण कोण काढणार होतं?"

"रडत होती हो फार," तो म्हणाला. "मग राहिलं."

झबलं काढलं. पुन्हा रडारड, पुन्हा गार पाटी. या खेपेला आईने डोळे मिटूनच घेतले.

"उघडा डोळे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही नाही. गळा स्वच्छ, पोट स्वच्छ. थोडा वायू आहे, तो बाहेर येईल तेव्हा कळेलच तुम्हाला."

आईने भिंगरीला उघडीच छातीशी धरली. किती वेळ धरली, कुणास ठाऊक. मग मान वर करून विचारलं, "मग सेल कुठे आहे?"

"ते मात्र आमच्या यंत्रात दिसत नाही, बाई."

बाकावर बसून ती झबलं घालत होती तोच वॉचमन अपराधी चेहऱ्याने आला. "ॲम्ब्युलन्स आली म्हणून गाडी बाजूला घेतली. आणि हात सवयीचा हो... बंद केली. आता काही केल्या चालू होत नाही. चावी सापडत नाही म्हणते."

"म्हणू दे," भिंगरीची आई म्हणाली. तिला खरंच काही वाटलं नाही.

आणि तेवढ्यात फोन वाजला. गुरुजी खड्ड्यातून वर आले होते.

"अगं, एवढे फोन? काय झालं? गाडी बंद पडली का? घाबरू नकोस, चावी त्या बटणाला टेकवून धर आणि—"

"सेल कुठे आहे?"

"कसला? चावीतला? माझ्या खिशात. कालच मेला तो. तसलाच नवा घ्यायचा म्हणून नमुना घेऊन आलो. सेल नसला तरी चावी बटणाला टेकवली की चालू होते, सकाळी तशीच तर करून दिली."

"आणि चावी भिंगरीला दिलीस?"

"रडत होती ना. सेल काढलेला होता म्हणून तर दिली! सेल असता तर दिली असती का मी?" त्याचा आवाज दुखावलेला होता. "सांगितलं होतं तुला."

"कधी?"

"ग्रुपवर टाकलं होतं की! रात्रीच. चांगलं सविस्तर."

मग अगदी हळू आवाजात तिने सगळं सांगितलं: झडती, रस्ता, पांढरा गोल. पलीकडून फक्त "आलो" एवढंच आलं.

आला तो सोबत्याच्या गाडीतून, हाताला ग्रीस, कपाळाला ग्रीस. बाकापाशी येऊन त्याने शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली, उलगडली आणि सेल तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो बोटाने उलटा केला, सुलटा केला, पुन्हा पुडीत गुंडाळला आणि त्याच्याच खिशात कोंबून वर बटण लावलं. भिंगरी बापाच्या कपाळाचं ग्रीस गालाला लावून घेण्यात दंग होती.

"आणखी काय काय टाकलंयस ग्रुपवर?" तिने विचारलं. "सगळं सांग. एकदाचं."

त्याने खरंच आठवून पाहिलं. "मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे."

"आणि?"

"वायपरचं पाणी संपलंय."

"आणि?"

तो भिंगरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. आपला हात काळा आहे हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

"तू फोनवर सांगत होतीस ना, तेव्हा मी तिथेच, खड्ड्याच्या कडेला बसलो," तो म्हणाला. "उठताच येईना."

"हे टाकलंस कुठे?"

"छे. हे कुठे टाकणार?"

"मग मला सांग," ती म्हणाली, आणि बाकावर जरा सरकून तिने त्याला जागा केली.

तो बसला. आणि साऱ्या जगाला ऐसपैस उत्तरं देणाऱ्या गुरुजींना सुरुवात कुठून करावी तेच कळेना.