फुलीचा कागद

टीव्हीवरचे सूटवाले परत सुरू झाले होते. निवडणूक लागली की यांना तरुण पोरांची आठवण येते. एक म्हणतो, तरुणांना मतदानात रसच उरला नाही. दुसरा म्हणतो, मोबाइलमधून डोकं वर काढतील तर ना! मी मासा भाजता भाजता ओरडले, "मेल्यांनो, एकदा माझ्या घरी येऊन बघा!" पण ऐकायला घरात होतं कोण? नवरा ट्यूनाच्या बोटीवर, तो एकदा गेला की वर्ष वर्ष तोंड दाखवत नाही. आणि माझा इबुकी वरच्या खोलीत दार लावून बसलेला. नववीत असताना लावलेलं दार, एकोणीस पूर्ण झाली तरी लावलेलंच.

ताट दाराशी ठेवायचं आणि रिकामं झालं की उचलायचं, एवढाच आमचा संबंध. आंघोळीला खाली यायचा तोही मी कामावर गेल्यावर. बोलणं म्हणजे दाराआडून 'हं' नाहीतर 'नको'.

त्याच्या नावाचं मतदानाचं कार्ड आलं तेव्हा मी ते सूपच्या वाटीखाली सरकवून दिलं. म्हटलं, निदान स्वतःचं नाव छापलेलं तरी बघेल. ताट परत आलं, कार्ड नाही आलं. मग त्याने उमेदवारांची माहिती असलेला पेपर मागितला, तो घरोघर टाकतात तो. मी तर दरवेळी त्यावर मासे साफ करते! तेवढ्यापुरता शेजारणीकडून नवा आणून दिला. दोन दिवसांनी मी ताट उचलायला वाकले, तर आतून आवाज आला.

"आई, उमेदवाराचं नाव आपल्याच हाताने लिहायचं असतं ना?"

"हो रे. पेन्सिल असते तिथे."

"मग मी येतो."

मी जिन्यातच बसले आणि पदर असता तर डोळ्यांना लावला असता, अशी रडले. मग नाक पुसून म्हटलं, तवा तापलाय तोवर पोळी भाजून घ्यावी.

"इबुकी, होन्माताई विचारत होत्या. सोमवारपासून आमच्या कारखान्यात येशील का? माशांच्या वड्या पाकिटात भरायच्या. कुणाशी बोलायला लागत नाही."

मग म्हणाला, "रविवारी जमलं, तर सोमवारी येईन."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी हे सांगितलं तर होन्माताईंनी हातातलं काम टाकून मला मिठीच मारली, रबरी हातमोज्यांसकट. "आणि दिसायला कसा आहे गं? माझी भाची आहे लग्नाची."

"दाराच्या फटीतून दिसतो तेवढाच. केस खांद्यापर्यंत आलेत. तुमच्या भाचीला वेण्या घालता येतील."

"चालेल की! तिचे तसेही पातळच आहेत."

सगळ्या हसल्या. त्या दिवशी मीसुद्धा किती दिवसांनी मोकळी हसले.

मतदान त्याच्याच जुन्या शाळेच्या व्यायामशाळेत असतं, तेवढीच एक धाकधूक होती. कारण जे झालं ते त्या शाळेत झालं. नागरिकशास्त्राच्या तासाला त्यांना निवडणूक शिकवली होती. संसदेच्या मतदानाबरोबर आपल्याला एक वेगळा कागद देतात ना, त्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची नावं असतात आणि जो नको वाटतो त्याच्या डोक्यावर फुली मारायची, तेही शिकवलं. पोरांना तेवढंच आवडलं. मधल्या सुट्टीत त्यांनी तसाच कागद काढला, अख्ख्या वर्गाची नावं घालून. जो वर्गात नको त्याच्यावर फुली. पेटी म्हणून बुटांचा खोका. ताकुमा नावाच्या पोराने टेबलावर चढून एकेक कागद वाचून दाखवला. जेवढी पोरं तेवढे कागद, आणि जेवढे कागद तेवढ्या फुल्या माझ्या इबुकीवर. एक म्हणता एकही कमी नाही! मी शाळेत जाऊन तमाशा केला तेव्हा बाई मला चहा देऊन म्हणाल्या, "पोरांचा खेळ हो. उलट त्यांना विषयात रस वाटला." मी तो चहा तसाच ठेवून आले. तेव्हापासून जो भेटेल त्याला मी हे सांगत आलेय, जेवढी पोरं तेवढे कागद म्हणून. एका पोरालाही दया येऊ नये?

तर ते असो. मी डोकं लढवलं. नगरपालिकेत आधी जाऊन मत देता येतं, पण तिथे सारा गाव गप्पा मारत उभा. रविवारी दुपारी गेलो तर शेजारपाजारचे भेटणार, 'अगंबाई, हा इबुकी का!' करणार. सकाळी सातला दार उघडतं, तेव्हा तिथे चिटपाखरूही नसतं. फक्त कान्नो आजोबा असायचे, उजाडायच्या आधीपासून दाराला नाक लावून उभे. पहिला नंबर त्यांचाच, दर निवडणुकीला. आणि ते तर मागच्या हिवाळ्यात गेले. मनात म्हटलं, बरंच झालं, आता तेही नाहीत. देव मला माफ करो.

शनिवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या कात्रीने त्याचे केस कापले. मान किती गोरी पडली होती पोराची. जुने बूट दोन बोटं लहान होत होते, म्हणून मोज्याच्या मापाने अंदाजे नवे आणले होते. पायात घालून त्याने अंगठा हलवून पाहिला आणि म्हणाला, "बसतात." मला जग जिंकल्यासारखं वाटलं.

सकाळी समुद्रावरून बोचरा वारा होता. टोपी, मास्क, मान खाली, माझ्या पाठीला चिकटल्यासारखा मागून चालत होता. दाराशी खरोखरच कुणी नव्हतं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दार उघडलं, तसं मी कुणी बघायच्या आत इबुकीला पुढे करून आत सरकवलं. आतले सगळे उठून उभे राहिले आणि एका सुरात म्हणाले, "सुप्रभात!" मग मुख्य अधिकारी पुढे आला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "पहिले मतदार आपण. कृपया पेटी रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी."

कप्पाळ माझं! पहिल्या माणसाने पेटीत डोकावायचं असतं, सगळ्यांदेखत. कान्नो आजोबा त्यासाठीच तर पहाटेपासून उभे राहायचे, ते आजोबांचंच काम असल्यासारखं मी विसरूनच गेले होते. "मी बघते हो, मी," म्हणून मी पुढे घुसले, तर अधिकारी हसून म्हणाला, "नाही नाही, हेच आधी आत आले. आणि तरुण मतदार पहिला! आमचं भाग्यच म्हणायचं."

त्यांनी पेटीचं झाकण उघडलं. सगळे तिच्याभोवती जमले. आणि मतदान नीट होतंय ना ते बघायला बसवतात, त्या साक्षीदारांच्या खुर्चीवरून सूट घातलेला एक पोरगा उठला. तरुणांना गोडी लागावी म्हणून यंदा नगरपालिकेने साक्षीदार तरुण बसवले होते. तो ताकुमा होता.

"अरे, इबुकी!" चेहरा कसा खुलला होता त्याचा. "किती दिवसांनी! कसा आहेस? बघ बघ, नीट बघून घे आत."

त्याच्या थोबाडीत द्यावी असं माझ्या हाताला झालं होतं. इबुकी वाकला. पेटीत तळापर्यंत बघत राहिला. इतका वेळ, की अधिकाऱ्याने खाकरून घेतलं. मग हळूच म्हणाला, "काही नाही आत." झाकण लागलं, कुलूप लागलं.

पहिला कागद त्याने लिहिला आणि टाकला. मला वाटलं, सुटलो. पुढच्या टेबलावर दोन कागद एकदम देतात, एक पक्षाचा आणि एक न्यायाधीशांचा. तिथली मुलगी पाठ केलेलं बोलली, "जे पदावर नकोत त्यांच्या नावावर फुली मारा." इबुकी कागद घेऊन आडोशाला गेला. मी माझं उरकून दाराशी उभी राहिले, तरी तो तिथेच. खांदे तेवढे दिसत होते. पेन्सिल काही हलत नव्हती. अखेर बाहेर आला, दोन्ही कागद टाकले आणि चालू पडला. मागून ताकुमा हात हलवत म्हणाला, "भेटू रे कधीतरी!"

घरापर्यंत मी त्या ताकुमाचा उद्धार करत होते. "निर्लज्ज मेला! वर तोंड करून बोलतोय!"

"तो वाईट नाही गं," इबुकी म्हणाला. "त्याला आठवतच नाही."

घरी तो उंबऱ्याच्या पायरीवर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. मी म्हटलं, "जमलं ना शेवटी! न्यायाधीशांवर मारल्यास का फुल्या?"

"कोरा टाकला. कोरा टाकता येतो, ते तिथे उभं राहिल्यावर कळलं." मग खाली बघतच म्हणाला, "आई, तू सगळ्यांना सांगतेस ना, जेवढी पोरं तेवढे कागद."

"मग? खोटं आहे का?"

"नाही, खरंय. त्यात माझाही होता."

मला आधी कळेचना. मग कळलं. इतकी वर्षं मी तो हिशोब गावभर सांगत फिरले आणि त्यातला एक कागद कुणाचा, ते एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"का रे? अरे, का राजा?"

"सगळी नावं वर्गातल्याच पोरांची होती. दुसऱ्या कुणाच्या नावावर मारणार होतो?"

त्याने बुटांत कागदाचे बोळे परत कोंबले, अगदी दुकानातल्यासारखे, आणि बूट खोक्यात शेजारी शेजारी ठेवून झाकण लावलं.

"इबुकी, उद्या सोमवार आहे. होन्माताई वाट बघतायत रे."

त्याने खोका माझ्या हातात दिला. "एकदाच घातलेत. दुकानवाला परत घेईल बघ," म्हणाला आणि जिना चढून गेला. वर कडी लागली. मी खोका धरून तिथेच उभी राहिले.