गप्प वेळ

सयाजीकाकांनी आक्काच्या कानातली वायर ओढली तेव्हा ती म्हशीची धार काढत होती. म्हैस बिथरली, चरवी आडवी झाली.

“कुणाशी बोलत हुतीस?”

“कुणाशी न्हाय, काका. अभ्यास करतोय.”

“अभ्यासाला हसत्यात व्हय?”

हसली होती, कारण उत्तर बरोबर आलं होतं. माझी आक्का, कालिंदी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. दोन्ही वेळचा गोठा तिच्याकडे, मधल्या वेळात कॉलेज. पुस्तक धरायला तिचे हात रिकामे असतात कधी? म्हणून मामांनी दिलेल्या जुन्या मोबाईलमध्ये ती आपल्याच आवाजात प्रश्न भरून ठेवायची. प्रश्न, मग थोडा वेळ गप्प, मग उत्तर. त्या गप्प वेळात आपण उत्तर द्यायचं नि ताडून बघायचं. ही रीत तिची तिनं शोधलेली. पण दूध न्यायला येणाऱ्या चिमणाबाईंना दिसलं एवढंच, की पोरगी थांबून थांबून कुणाशी तरी बोलते, हसते. लगेच काकांच्या कानावर घातलं. बाबा गेल्यापासून घरात काकांचाच शब्द.

मी मोबाईल हिसकावून मोठ्यानं लावला. आक्काचाच आवाज: बेडकाच्या हृदयाला कप्पे किती? मग शांतता. मग उत्तर. मला वाटलं, काका आता ओशाळतील. कसले ओशाळतात. मोबाईल काढून घेतला नि खिशात टाकला.

“पोरीच्या हातात ही असली वस्तू नगो. परीक्षा झाली की बघू.”

परीक्षेसाठीच तर तो हवा होता.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी मागायला गेले, तर काका कट्ट्यावर बसून त्यावर भजनं ऐकत होते. दुकानात नेऊन भरून आणली म्हणे. जागा नव्हती, म्हणून आतलं सगळं पुसायला लावलं. आक्काचा वर्षभराचा आवाज पुसला, आणि सांगतात कसं, तर जेवणात मीठ नव्हतं अशा सुरात. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. मी म्हणाले, आक्का नापास झाली तर तुमचं नाव सगळ्या गंगावेशीत सांगीन. त्यांनी हात उगारला. आक्कानं मला ओढत गोठ्यात नेलं.

ती रडली नाही. चरवी विसळली, म्हशीखाली बसली.

“भैरे, पुस्तक घे. तू इचार.”

गिऱ्हाइकं लोटे घेऊन उभी होती, चिमणाबाईही. मी मुद्दाम गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं ओरडले, “बेडकाच्या हृदयाला कप्पे किती?”

आणि गप्प राहिले. चरवीत धारा वाजत होत्या. कट्ट्यावर भजन चालूच होतं.

“तीन,” मान वर न करता आक्का म्हणाली. “म्होरलं इचार.”