तेलाच्या जाहिरातीतले पांढरे केस

रोज सकाळी घराबाहेर पडताना पेंटरकाका खिडकीशी थांबत आणि समोरच्या भिंतीला सांगत, "येतो गं."

भिंतीवर त्यांची बायको होती. म्हणजे तशी ती केसतेलाची जाहिरात. दोन मजले उंच बाई, केस मोकळे, हातात बाटली, आणि खाली ठळक अक्षरांत 'वय वाढू द्या, केस काळेच राहतील'. तेलाची कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली होती. बाटलीवरचं नावही उन्हाने उडालं होतं. बाई तेवढी राहिली होती.

ती रंगवली काकांनीच, ऐन तरुणपणी. कंपनीने नमुन्यासाठी कुठल्याशा नटीचा फोटो पाठवला होता. काकांनी तो रंगाच्या डब्याखाली ठेवला आणि त्याची पार वाट लावली. परांची बांधून झालेली, कंपनीचा साहेब दुसऱ्या दिवशी येणार, आणि बाईला चेहरा नाही! मग जो चेहरा डोळे मिटूनही काढता आला असता तोच त्यांनी काढून टाकला. साहेब खूश झाला. बायकोने मात्र घर डोक्यावर घेतलं.

"अहो, सगळ्या गल्लीसमोर केस मोकळे सोडून उभी केलीत मला! आता मी बाजारात जाऊ कोणत्या तोंडाने?"

बरेच दिवस अबोला झाला. पुढे मात्र ती भाजी आणायला लांबच्या रस्त्याने, त्या भिंतीसमोरूनच जायला लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, "तिकडे ऊन कमी लागतं." ऊन तिकडेच जास्त होतं.

मुलगी शाळेत होती तेव्हाच बायको तापाने गेली. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दूरदेशी गेली, आणि काका बिऱ्हाड हलवून भिंतीसमोरच्या या खोलीत आले. लोकांना वाटलं, इथे वारा चांगला येत असेल.

रंग उडायला लागला तसं काकांनी परवानगी-बिरवानगीच्या भानगडीत न पडता परांची बांधून तो पुन्हा भरला. पहिल्या वेळी नुसता रंगच भरला. मग एकदा दाढी करताना आरशात स्वतःचे कल्ले पांढरे दिसले, आणि समोर हिचे केस कोळशासारखे काळे. काकांना ते बरं वाटेना. आपण एकटेच पुढे निघून आलो आणि तिला मागे टाकलं, असं काहीतरी वाटत राहिलं. त्यांनी तिच्या कानशिलांवर दोन पांढऱ्या बटा काढल्या. पुढे डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या आल्या. काकांना चष्मा लागला त्या वर्षी तिलाही लागला. आणखी एक गोष्ट त्यांनी केली होती. मूळ चित्रात ती हातातल्या बाटलीकडे बघत होती. काकांनी तिची बुबुळं जराशी सरकवली. तेव्हापासून ती त्यांच्या खिडकीकडे बघायची.

गल्लीत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. जुन्या जाहिरातीकडे मान वर करून बघतंय कोण!

मग खटला उभा राहिला. जुन्या शहराचा तो भाग संरक्षित ठरला होता, आणि तिथल्या कोरीव सज्ज्यांवर मोबाइलचे, दागिन्यांचे झगझगीत फलक चढले होते. वारसा जपणारी मंडळी कोर्टात गेली. कोर्टाने सगळे फलक उतरवायला लावले, आणि खरं सांगायचं तर चांगलंच केलं. प्रश्न उरला तो एका भिंतीचा. नियमाच्या आधी रंगवलेली आणि नंतर हात न लावलेली जाहिरात वारसा म्हणून राहू शकत होती. बाकी सगळ्यावर चुना. त्या भिंतीच्या मालकाला त्याचं काही नव्हतं, तो म्हणाला, फासा चुना. काकांची मात्र झोप उडाली.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या वकीलबाईंनी त्यांच्या वतीने अर्ज केला. "काका, तुमचं चित्र नियमाच्या कितीतरी आधीचं आहे. निर्धास्त राहा. फक्त विचारतील तेवढंच बोला."

बटांचं आणि चष्म्याचं काकांनी त्यांना सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. तो बदल आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. बायको म्हातारी झाली, याला कुणी बदल म्हणतं का?

विरुद्ध बाजूच्या वकिलाने मात्र जुना फोटो शोधून काढला होता. त्याने तो आणि आजचा फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि काकांकडे वळला.

"ही जाहिरात केस काळे ठेवणाऱ्या तेलाची. बरोबर?"

"हो."

"मग बाईंचे केस पिकले कसे? कंपनी बुडाली ती यामुळेच की काय?"

कोर्टात हशा पिकला. वकीलबाईंनी दोन्ही फोटो पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"केस कुणी पांढरे केले?" वकिलाने विचारलं.

"मीच," काका म्हणाले. विचारलं तेवढंच बोलायचं होतं, पण त्यांना थांबता येईना. "साहेब, ती गेली तेव्हा तिचे केस काळेच होते. पुढचं वय मी दिलं तिला. माझ्याबरोबरीने. दुसरं कोण देणार होतं?"

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पुढची तारीख दिली.

निकाल लागला तेव्हा वकीलबाई जिना धावतच चढल्या. "काका, जिंकलो! चित्र राहणार! फक्त ते मूळ स्थितीत आणायचंय. फोटोत आहे तसं. आणि ते काम तुम्हीच करायचं, असं कोर्टाने लिहिलंय. बघा, किती मान दिला!"

"आणि नाही आणलं तर?"

"तर मग चुना." त्या जरा थांबल्या. "काका, तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला की," काका म्हणाले. त्यांनी बाईंना चहा करून दिला.

कोऱ्या भिंतीसमोर उरलेलं आयुष्य काढणं त्यांना जमणार नव्हतं. म्हणून ते परांचीवर चढले. चष्मा सहज निघाला. सुरकुत्याही बुजल्या. बटा काळ्या करताना हात जड झाला, तरी केल्या. बुबुळं मात्र त्यांनी शेवटासाठी ठेवली. तिच्या डोळ्यांसमोर ब्रश धरून ते बराच वेळ बसून राहिले. खालून कुणीतरी ओरडलं, "पेंटरकाका, झोप लागली काय?" तेव्हा कुठे त्यांनी ती बाटलीकडे फिरवली.

वारसावाल्यांनी येऊन टाळ्या वाजवल्या. मुलीचा फोन आला. "बाबा, फोटो पाहिला! अय्या, आई किती लहान दिसते हो. माझ्यापेक्षाही लहान!"

"हो ना," काका म्हणाले.

सकाळी छत्री घेऊन निघताना ते सवयीने खिडकीशी थांबले. समोर एक पंचविशीची मुलगी उभी होती. केस मोकळे, सगळं लक्ष हातातल्या बाटलीत. काका जरा डावीकडे सरकले, मग उजवीकडे. तिची नजर काही त्यांच्यावर येईना. ओठांवर आलेलं "येतो गं" तिथेच अडकलं. सत्तरीच्या माणसाने एवढ्याशा पोरीला तसं म्हणायचं, तेही ओळखदेख नसताना, त्यांना कसंसंच झालं.

पण न सांगता घराबाहेर पडायची त्यांना सवय नव्हती.

"येतो हं, बाळ," ते म्हणाले.