मामाची तक्रार

‘मीठ बंद’ एवढं लिहायला डॉक्टरांचं काय जातं? लिहितात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. ताटं परत येतात ती माझ्याकडे. मी हॉस्पिटलच्या किचनमध्ये स्वयंपाक करते, आणि भरलं ताट तसंच परत आलेलं दिसलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. इतकी वर्षं झाली, पण सवय झाली नाही, आणि व्हायलाही नको.

त्यात या वेळी परत येणारं ताट माझ्या सख्ख्या मामाचं होतं.

मामा म्हणजे साधी असामी नव्हे. जन्मभर खानावळ चालवली. नुसत्या वाफेवरून सांगायचा की मीठ कमी पडलंय की जास्त, आणि बरोबर सांगायचा. मी त्याच्याच चुलीपुढे शिकले. शिकले म्हणजे काय, त्याने शिकवलं नाही, मी बघून बघून उचललं. हात असा भराभर चालवायचा की कुणाला काही कळू नये, आणि विचारलं तर म्हणायचा, डोळे आहेत ना? एकदा भर गिऱ्हाइकांसमोर म्हणाला की या पोरीच्या हाताला चव नाही. मी पळी तिथेच ठेवली आणि बाहेर पडले. हॉस्पिटलात लागले तेव्हा म्हणे, बरं झालं, तिथे कुणाच्या तोंडाला चव नसतेच.

आता तोच मामा हृदयाच्या दुखण्याने इथे येऊन पडला होता. पाय सुजलेले. ऑपरेशन करायचं, पण अंगात ताकद नाही म्हणून अडलेलं. ताकद यायची तर जेवायला हवं, आणि हा गडी एक घास घ्यायचा, ताट सरकवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मामी किचनच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “तू काहीतरी कर गं. हे उपाशी मरतील, पण अळणी खाणार नाहीत.”

मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. माणूस कितीही खडूस असला तरी मामा आहे.

पहिल्यांदा मी कुणीही करील तेच केलं. मिठाची उणीव तिखटाने भरायला गेले. मामाचा निरोप आला, मीठ नाही म्हणून मिरच्यांना पुढे केलंस, तरी कळतंय. बरोबर होतं त्याचं, हेच तर वाईट.

मग ध्यानात आलं, घोळ माझ्या जिभेतच आहे. घरी मिठाचं खाऊन यायचं आणि इथे बिनमिठाची परीक्षा घ्यायची, हे जमायचं कसं? मी घरीही स्वतःचं मीठ बंद केलं. नवरा कुरकुरला, की तुझ्या मामाच्या पथ्यात आम्हाला कशाला ओढतेस. म्हटलं, डबा समोर आहे, वरून घे आणि गप जेव. सुरुवातीला सगळं पुठ्ठ्यासारखं लागलं. मग एका सकाळी नुसतं उकडलेलं गाजर तोंडात टाकलं आणि त्याला चक्क चव लागली. मी किचनमध्ये एकटीच हसत उभी राहिले.

तिथून हात मोकळा झाला. कांदा सोनेरीवर थांबवायचाच नाही, करपायच्या जरासा अलीकडे न्यायचा. टोमॅटो थेट जाळावर धरायचा, साल काळी पडेपर्यंत. लिंबू आत उकळायचं नाही, वाटी भरल्यावर वरून पिळायचं, म्हणजे जिभेला आधी तेच भेटतं. मिरी वाढायच्या वेळी कुटायची, तीही भरड. मीठ हाताशी असतं तर यातलं मला काही म्हणजे काही सुचलं नसतं. चिमूटभर टाकून मोकळी झाले असते.

सूपची वाटी रिकामी परत आली. दुसऱ्या दिवशी सगळं ताट रिकामं. मामी सांगत आली की बोटंसुद्धा चाटली. त्या दिवशी मी किचनभर मान वर करून फिरले. बघणारे बघेनात का.

आणि मग डाएटवाल्या बाईंनी बोलावलं. पेशंटांचं पथ्य त्या ठरवतात. बाई कडक, पण न्यायाच्या. दार लावून म्हणाल्या, एका पेशंटची तक्रार आहे. स्वयंपाकीण त्याची भाची आहे, मायेपोटी चोरून मीठ घालते, तिला आवरा, नाहीतर तो काही जिवंत घरी जायचा नाही.

माझे कान तापले. ज्याच्यासाठी मी जीव आटवला तोच माझ्या पोटावर पाय देत होता. भांडायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. मामाला मीठ लागलं होतं. वाफेवरून मीठ ओळखणाऱ्या मामाला! मला हसू आवरेना. बाई बघतच राहिल्या.

त्या म्हणाल्या की पायांची सूज उतरतेय, तेव्हा त्यांना स्वतःला शंका नाही, पण तक्रार आली की शहानिशा करावीच लागते. मी म्हटलं, करा की, त्यालाच किचनमध्ये घेऊन या.

दुपारी मामा चाकाच्या खुर्चीतून आला, मागे मामी, शेजारी बाई. मी फळीवरचा मिठाचा डबा काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

“धर. मी सांगेपर्यंत सोडू नकोस.”

आणि कामाला लागले. पूर्वी माझे डोळे त्याच्या हातांवर असायचे, आज त्याचे माझ्या हातांवर होते. कांदा गडद व्हायला लागला तसा तो पुढे झुकला. वाटी भरली, लिंबू पिळलं आणि त्याच्या हातात दिली. त्याने एक घोट घेतला. डब्याचं झाकण उघडून आत बघितलं, परत लावलं. मग दुसरा घोट घेतला.

“कांदा इतका पुढे न्यायला मी तुला शिकवलं नव्हतं,” तो म्हणाला.

“तुझ्याकडे मीठ होतं,” मी म्हटलं.

बाई हसल्या. जाताना सांगून गेल्या की डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस ठरवलाय. मामी रडायला लागली, आणि रडता रडता माझी पाठ थोपटत राहिली.

मामाने वाटी पुसून संपवली. मला वाटलं, आता तरी म्हणेल, हाताला चव आहे पोरीच्या. तो कसला म्हणतोय! त्याने मांडीवरचा डबा उचलला, लांब सरकवला आणि मामीला खुर्ची शेगडीजवळ घ्यायला लावली.

“परत कर,” म्हणाला. “सावकाश कर. मला नीट बघायचंय.”

मीही त्याचीच भाची. नवा कांदा घेतला आणि होता नव्हता तेवढा वेग लावून चिरायला लागले.

“डोळे आहेत ना?” म्हटलं.