एका थेंबाचा पूर

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेतल्या टेबलावर असतो तो नव्हे. माझी मान माणसाहून उंच, हात लांब आणि काम एकच : माणसाच्या कानात डोकावणे. फिनलंडमधल्या एका सरोवराकाठच्या रुग्णालयात माझी एकतीस वर्षे गेली.

माझी भिंगे जर्मनीत घासली गेली. ती घासणारा म्हातारा कारागीर शेवटचा हात फिरवताना श्वास रोखून धरायचा. मी इथे आलो तेव्हा माझे कोण कौतुक झाले! पुढे नवी यंत्रे आली आणि मी ‘म्हातारा’ झालो.

कानाच्या आत तांदळाच्या दाण्याएवढे हाड असते. तिथे रक्ताचा एक थेंब आला, तरी माझ्यापुढे पूर येतो. हाड दिसत नाही, शेजारून जाणारी चेहऱ्याची नस दिसत नाही. म्हणून कानाची लढाई सुरी हातात घेण्याआधीच जिंकावी लागते. ती जिंकायची भूल देणारी टेल्लेर्वो. तासभर आधी एक गोळी द्यायची, म्हणजे नाडी संथ होते आणि जीव शांत होतो. मग टेबलाची डोक्याकडची बाजू जराशी उंच करायची आणि शिरेतून हळूहळू भूल. रक्तदाब उतरतो, पण बेतानेच उतरवावा लागतो. फार उतरला तर मेंदू उपाशी राहतो. शाबासकी मात्र कायम सुरी धरणाऱ्याला मिळायची. मला ते कधीच पटले नाही.

एका नोव्हेंबरात लेम्पी आली. सदुसष्ट वर्षांची, अकॉर्डियन सुरात लावून देणारी. डावा कान लहानपणीच गेलेला. उजव्यात एक गाठ हाड कुरतडत होती. ती काढली नाही तर कान जाणार होता, आणि काढताना हात चुकला तरीही जाणार होता.

“माझ्याकडे जादाचा कान नाही बरं का, पोरा,” आडवी होताना ती सर्जन ओन्नीला म्हणाली.

“माहीत आहे, लेम्पी. जपूनच करतो.”

ती झोपली. ओन्नीने कान उघडला आणि पूर आला. पुसला, पुन्हा आला. रक्तदाब एकशे साठ. सकाळीही तो चढलेलाच होता, पण ती भीती असेल असे सगळ्यांनी धरले होते.

“काही दिसत नाहीये!” ओन्नी वैतागला. “हा म्हातारा धूसर झालाय. नवा मागवा म्हणून घसा कोरडा केला मी.”

मित्रांनो, तो बोल मला फार लागला. माझी भिंगे लख्ख होती.

“त्याला कशाला बोल लावतोस? रक्त आहे ते, धुकं नाही,” टेल्लेर्वो म्हणाली. “आइली, गोळी दिली होतीस ना?”

“माझ्यासमोर गिळली तिने,” परिचारिका आइली म्हणाली.

टेल्लेर्वोने भूल वाढवली. दाब थोडा उतरला आणि पुन्हा चढला. ओन्नीने औषधात भिजवलेला कापूस दाबून धरला. “नस इथेच कुठेतरी असणार. अंदाजाने जाऊ का?”

“अंदाजाने? एकच कान आहे तिला! हात बाजूला घे,” टेल्लेर्वो म्हणाली.

एवढ्यात आइलीचा चेहरा पांढरा पडला.

“सकाळी तिच्या हातातून मी साल्मियाक्कीचा पुडा काढून घेतला,” ती हळूच म्हणाली. “सिगारेट सोडल्यापासून रोज एक अख्खा पुडा फस्त करते म्हणाली. मी नुसती हसले गं.”

साल्मियाक्की म्हणजे ज्येष्ठमधाच्या काळ्या खारट गोळ्या. ज्येष्ठमधाचा अतिरेक झाला की रक्तदाब चढतो, हे ही सगळी मंडळी पुस्तकात शिकलेली. पण इथे त्या गोळ्या ज्याच्या त्याच्या खिशात असतात, त्यांना खाणे म्हणतो कोण?

“कॉफी विचारली, दारू विचारली, औषधं विचारली,” टेल्लेर्वो स्वतःवरच चिडली. “हे विचारायचं सुचलंच नाही. माझ्याही खिशात डबी आहे! ओन्नी, झाकून टाक. हा दाब मी जबरदस्तीने खाली दाबणार नाही. महिनाभर साल्मियाक्की बंद, मग बघू.”

ओन्नी अर्ध्यातून कधी परतलेला नव्हता. त्याची बोटे माझ्या मुठीवर घट्ट आवळलेली राहिली. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. मग त्याने सुस्कारा सोडला आणि टाके घालायला दोरा मागितला.

जानेवारीत लेम्पी परतली. “महिन्याहून जास्त झालं, गाजरं चघळतेय,” ती कुरकुरली. “आता कान गेला तर तुमची खैर नाही.”

या वेळी तासभर आधीच्या गोळीने आपले काम केले, भुलीने आपले. नाडी साठ. मला नस दिसली, हाड दिसले, गाठीची कड न् कड दिसली. तीन तासांनी ओन्नीने शेवटचा टाका घातला. ती जागी होऊ लागली तेव्हा त्याने नादकाटा, म्हणजे ठोकला की एकच सूर देणारा पोलादी चिमटा, वाजवून तिच्या कपाळावर टेकवला. सगळ्यांनी श्वास रोखला.

लेम्पीने डोळे न उघडताच आठी घातली.

“ऐकू येतंय,” ती पुटपुटली. “पण तुमच्या काट्याचा सूर जरासा उतरलाय.”

आइली हसता हसता रडली.

आता मी कोठीत उभा असतो. मित्रांनो, डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण काय खातो ते सांगत जा, आणि समोरचा सांगेल तेव्हा नुसते हसू नका. दारातून समोरच्या भिंतीवरचा रुग्णांना विचारायच्या प्रश्नांचा कागद दिसतो. त्यातली शेवटची ओळ आइलीच्या हातची आहे : ‘साल्मियाक्की किती खाता?’ माझ्या भिंगांवर धूळ साचली तरी चालेल. ती ओळ तेवढी पुसट होऊ देऊ नका.