मर्यादेचं उद्यापन

राहीबाईंनी गोड सोडलं ते वीरेश्वरासाठी, अशीच महाडात सगळ्यांची समजूत होती. खरं कारण मोटर कंपनीच्या भिंतीवर चिकटवलेला एक कागद होता.

सत्तावन्न साली कंपनीनं कामगारांसाठी फंड काढला. कामगारानं पगारातून दरमहा जेवढी वर्गणी भरावी, तेवढीच शेठनं आपल्याकडून घालावी. मात्र मर्यादा सहा रुपये. खाली आणखी एक ओळ होती, या रकमेवर आयकर माफ. राहीबाईंचे यजमान कुशाबा तिथं फिटर होते, पगार अठ्ठ्याहत्तर रुपये. आयकर त्यांच्या दारावरूनही कधी गेला नव्हता. पण माफी मिळाली म्हटल्यावर ते थेट पोलादपूरपर्यंत सांगत सुटले, "सरकारनं आपल्याला माफ केलंय!"

माफी मिळाली तरी कुशाबांना चारच रुपये झेपले. उरलेले दोन आपण भरत नाही म्हणून शेठचेही दोन शेठकडेच राहतात, हे राहीबाईंच्या जिवाला लागलं. रोजच्या नेमानं वीरेश्वराला गेल्या तेव्हा त्यांनी हात जोडले. "देवा, यांची वर्गणी मर्यादेला टेकेपर्यंत गोड तोंडात घालणार नाही. टेकली की उद्यापन करीन."

वर्गणी वाढवायची मुभा वर्षातून एकदाच, मार्चच्या पगाराला. साखर-गूळ वाचला, अठ्ठावन्नच्या मार्चात कुशाबांनी सहा रुपये लावले. राहीबाईंनी उद्यापनाला अक्षय तृतीया धरली. व्रताची सांगता काय भलत्या दिवशी करायची? पण एक एप्रिललाच भिंतीवर नवा कागद लागला. मर्यादा आठ. उद्यापनासाठी आणलेली ढेप राहीबाईंनी शेजारी देऊन टाकली. पुढच्या मार्चात आठ गाठले, तर दुसऱ्याच दिवशी दहा. दहा गाठले, तर बारा. आता कुशाबांचा चहाही बिनसाखरेचा झाला होता, आणि आळीत राहीबाईंच्या भक्तीची कीर्ती दरसाल दोन रुपयांनी वाढत होती.

शेजारच्या झुबेदाला तेवढी आतली गोष्ट ठाऊक होती. तिचा नवरा इनायत त्याच कंपनीत ड्रायव्हर. एकसष्टच्या ईदला ती वाटी घेऊन आली आणि तशीच परत निघाली.

"पाच ईदी झाल्या गो राही! माझा शीरखुर्मा तुझ्या उंबऱ्यावरनं परत जातोय. तुझा देव नि आमचा शेठ भागीदार हायत काय?"

"देवाला नावं नको ठेवू झुबेदा."

"देवाला कोण ठेवतंय? मी शेठला ठेवतेय!"

राहीबाईंना हसू आलं नाही. त्यांची लेक साळू बिरवाडीला दिलेली. पहिल्या नातवाच्या बारशाला विहीणबाईंनी पेढा पुढे केला होता आणि राहीबाईंनी नुसते हात जोडले होते. त्या एका पेढ्यावरून साळूनं दोन वर्षं टोमणे खाल्ले. आता त्याच्या पाठीवर नात झाली होती. बारसं चार एप्रिलला, अक्षय तृतीया सतराला. साळूचा निरोप आला होता, "आई, या खेपेला पेढा नाकारलास तर मी तोंड कुठं लपवू?"

पगाराच्या आदल्या दिवशी राहीबाई डोक्यावरचा पदर सारखा करत कंपनीच्या कचेरीत गेल्या. गोमाजी कारकून खुर्चीवरून अर्धा उठला.

"गोमाजीभाऊ, यंदा मर्यादा वाढवू नका. एवढं शेठच्या कानावर घाला."

"अहो वहिनी, ती तुमच्याच घरामुळे वाढते!" गोमाजीनं वही उघडली. "साठ कामगार आहेत. कोणी दोन भरतो, कोणी तीन. एकटा कुशाबा दर मार्चात मर्यादेला टेकतो. मग शेठ म्हणतात, बघा, कामगारांना मर्यादा पुरत नाही, वाढवा!"

राहीबाई वहीवर वाकल्या. "दर मार्चात टेकतो म्हणालात?"

"म्हणजे काय! अठ्ठावन्नला टेकला, एकोणसाठला टेकला, साठला टेकला. इथं लिहिलंय की."

देवानं तीनदा त्यांचं मागणं पुरं केलं होतं, आणि तीनदा त्या पंचांग बघत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कुशाबांनी बारा रुपयांवर सही केली. दिवेलागणीआधी राहीबाई गूळ-खोबरं घेऊन देवळात हजर. सोनबा गुरव दचकलाच.

"उद्यापन? आज? आज चतुर्दशी गो बाय, रिक्ता तिथी! अक्षय तृतीया सतरा दिवसांवर आलीय."

"मुहूर्त धरून धरून तीनदा चुकले, सोनबा. उद्या नवा कागद लागंल. तुमी घंटा वाजवा."

त्यांनी नैवेद्य दाखवला आणि गुळाचा खडा तोंडात टाकला. घरी आल्या तर झुबेदा दारातच बसलेली. ईदच्या मूठभर शेवया तिनं मागं ठेवल्या होत्या, त्यांचाच आज शीरखुर्मा केला होता. "आता परत नेणार नाय," ती म्हणाली, आणि वाटी हातात कोंबली.

एक एप्रिलला कुशाबा कामावरून आले ते डोकं खाजवतच. भिंतीवर कागद लागला होता. मर्यादा यंदा जैसे थे, बारा. गोमाजीनं खरंच शेठच्या कानावर घातलं होतं.

"म्हणजे तृतीयेपर्यंत थांबता आलं असतं गो."

"गप बसा," राहीबाई म्हणाल्या.

बारशाला विहीणबाईंनी पेढा थेट तोंडाशीच आणला. सगळ्या बायका बघत होत्या, साळू श्वास रोखून. राहीबाईंनी तो खाल्ला. चार वर्षं सवय नसलेल्या जिभेला तो इतका गोड लागला की त्यांचा चेहरा वाकडा झाला.

"का हो? आमचा पेढा आवडला नाय वाटतं?" विहीणबाईंचा आवाज चढला.

राहीबाईंनी घाईघाईनं हसून हात पुढे केला. "छे हो! आणखी एक द्या."

विहीणबाईंनी दोन दिले. राहीबाईंनी दोन्ही खाल्ले, डोळे मिटून. बायकांना वाटलं, देवाचं नाव घेतायत. त्या घेतही होत्या. देवा, म्हणत होत्या, या पेढ्यांची मर्यादा तेवढी आता तू ठरव.